इन्सोलला पीठ लागलं नव्हतं

कुशावर्ताबाईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि हळूच उलगडली. आत त्यांचेच दोन इन्सोल होते, दिवाळीत घासलेल्या समयांसारखे लख्ख.

"मॅडम, हे तुमचं तुम्हाला घ्या," त्या म्हणाल्या. "दोनदा बदलून दिलं, उपकार झाले. दुखणं हाय तिथंच हाय."

दार उघडं होतं. बाहेर बाकावर दोन नवे पेशंट बसले होते आणि दोघेही इन्सोलसाठीच आले होते. त्यातल्या एका गृहस्थांनी फाईल बंद करून काखेत घेतली. मी उठून दार लावलं, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं.

मी ऑर्थोटिस्ट आहे. उस्मानपुऱ्यात माझं छोटं क्लिनिक आहे. हाडांचे डॉक्टर पेशंट पाठवतात आणि मी त्यांच्या मापाचे पट्टे, कॅलिपर, बुटात घालायचे इन्सोल बनवते. ही पदवी मी लोकांना समजावून सांगायचा नाद कधीच सोडला. आमच्या चौकातले रिक्षावाले पत्ता सांगताना 'चपलांचा दवाखाना' म्हणतात आणि पेशंट बरोबर पोचतात.

इन्सोल म्हणजे बुटातली गादी. बाजारात तयार मिळते ती एक, आणि पायाचं माप घेऊन बनवतात ती दुसरी. दुसरीला कस्टम ऑर्थोटिक म्हणतात. ती पायाचा भार वाटून देते. जिथं दुखतं तिथला थोडा काढून जिथं दुखत नाही तिथं टाकते. एवढंच. मोठ्या माणसाचा सपाट पाय ती कमानदार करत नाही, गुडघा बदलत नाही, उंची वाढवत नाही. बऱ्याच जणांचं तर औषधाच्या दुकानातल्या साध्या टाचेच्या उशीवर भागतं. हे मी प्रत्येकाला सांगते. सांगून झाल्यावर माप घेते, कारण धंदाही करायचा असतो.

कुशावर्ताबाई दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, पदर खोचलेला, हातावर तव्याचे जुने चटके. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. हाताखाली सहा बायका. गिऱ्हाईक म्हणजे आसपास खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरं. ती सुट्टीत गावाला गेली की केंद्र रिकामं पडतं आणि त्या सहा बायकांना घरी बसावं लागतं.

आजार सरळ होता. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसतो, भिंतीला धरून मोरीपर्यंत जावं लागतं, थोडं चाललं की कमी होतं आणि दुपारपर्यंत उभं राहिलं की पुन्हा सुरू होतं. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. सतत ताण पडून तो टाचेपाशी दुखावतो. प्लांटर फॅशिआयटिस असं त्याचं भारदस्त नाव आहे. उभ्यानं काम करणाऱ्या निम्म्या शहराला तो कधी ना कधी भेटतो. माझीही टाच सकाळी कुरकुरते. त्याला कारण वय, असं मी ठरवून टाकलं होतं.

"विश्रांती मिळेल का पायाला?" मी विचारलं होतं.

"कवा मिळणार? चिकलठाण्याच्या एका कंपनीचं कँटीन मिळायलंय मला," त्या म्हणाल्या. "तिथल्या साहेबानं कुणाच्यातरी पूजेत माझ्या हातची पोळी खाल्ली. आता म्हणत्यात, तीन दिवस जेवण करून दाखवा, पण पोळ्या तुमच्याच हातच्या पाहिजेत. नाय जमलं तर मशीनची चपाती घेणारेत ते. मशीनवाला रोज त्यांच्या दारात उभा हाय."

"आणि जमलं तर?"

"बाराही महिने काम. सुट्टी नाय, परीक्षा नाय. माझ्या बायांना घरी बसावं लागणार नाय." मग पायाकडं बघून म्हणाल्या, "हा उभा राह्यला पाहिजे फक्त."

त्यांच्या वाक्यातला 'फक्त' माझ्या डोक्यात बसला. मी ही केस मनावर घेतली. आणि खरं सांगायचं तर त्याच महिन्यात माझ्याकडे नवा स्कॅनर आला होता. काचेवर पाय ठेवायचा, खालून उजेड फिरतो आणि संगणकाच्या पडद्यावर तळवा रंगीत उमटतो. जिथं भार जास्त तिथं लाल. कुशावर्ताबाईंची टाच टोमॅटोसारखी लाल दिसली. बाकावरच्या लोकांनाही मी बोलावून दाखवली.

मग आमचा फॉर्म भरला. दिवसाला किती तास उभं राहता? नऊ. कुठं? केंद्रात. पादत्राण कोणतं? चप्पल. मी त्यांना मागं पट्टा असलेली, आतली गादी काढता येणारी सँडल घ्यायला लावली, कारण साध्या चपलेत इन्सोल टिकत नाही. त्यांनी त्याच दिवशी घेतली. आठवड्यात इन्सोल तयार झाला. मी त्यांना नियम सांगितला, "रोज घालायचा. सवय होईपर्यंत थोडा थोडा वेळ, मग पूर्णवेळ."

"व्हय. रोज घालते."

दोन आठवड्यांनी आल्या. फरक नाही. मी टाचेखाली खड्डा करून त्यात मऊ फोम भरवला. पुन्हा दोन आठवड्यांनी आल्या. फरक नाही. मी कमानीचा आधार तीन मिलिमीटर वाढवला. प्रत्येक वेळी विचारलं, "रोज घालता ना?" प्रत्येक वेळी उत्तर आलं, "एक दिवस चुकवला नाय, मॅडम." आणि आता ही पुडी.

"कंपनीच्या जेवणाला आठ दिवस राह्यले," त्या म्हणाल्या. "मी तरी किती दिवस भिंतीला धरून चालू?"

त्या गेल्या आणि दहा मिनिटांत त्यांना माझ्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. हे डॉक्टर स्वभावानं चांगले आहेत, पण दुसऱ्याची फजिती त्यांना जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी लागते.

"मॅडम, कुशावर्ताबाई इंजेक्शनचं विचारत होत्या. तुमच्या त्या रंगीत मशीननं काय सांगितलं?"

"अजून एक बदल करून बघते."

"चौथा?"

"तिसरा."

"बघा. इंजेक्शन दिलं तर काही दिवस पायाला आराम द्यावा लागेल, आणि त्या तर उभ्या राहणार म्हणतात. मग मी देत नाही. म्हणजे तुमच्यावरच आलं सगळं." आणि हसून फोन ठेवला.

मी इन्सोल घेऊन मागं वर्कशॉपमध्ये गेले. तिथं रफीकभाई असतात. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे, तीस वर्षं हेच काम. मी पडद्यावर जे रंगवते ते रफीकभाई ग्राइंडरवर घासून प्रत्यक्षात आणतात. मी म्हटलं, "रफीकभाई, कमान आणखी दोन मिलिमीटर वाढवू या."

त्यांनी इन्सोल हातात घेतला, नाकाजवळ नेला, उजेडात धरला आणि परत माझ्या हातात दिला.

"मॅडम, ये चला-इच नै."

"चला नहीं म्हणजे? पेशंटला लागू पडला नाही तेच तर..."

"वो नै. ये चला-इच नै. पैदल." त्यांनी फळीवरून दुसऱ्या कुणाचा तरी जुना इन्सोल काढून शेजारी ठेवला. त्यावर टाचेचा काळा गोल होता, पाच बोटांचे पाच ठसे होते, कडेचं कापड उचकटलेलं होतं. "देखो, ये महिन्याभराचा आहे. आणि हा दीड महिन्याचा. याच्यावर अंगठा तरी दिसतो का?"

दिसत नव्हता.

"और एक बात. बाई पोळ्या करती. इसपे आटा किधर है?"

मी इन्सोल उलटसुलट करून पाहिला. पिठाचा कण नव्हता. पोळ्यांच्या केंद्रात नऊ तास उभ्या राहिलेल्या बाईच्या सँडलीला पीठ नाही, म्हणजे कोळशाच्या गोदामातून पांढरे हात घेऊन येण्यासारखं होतं.

"हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"दो बार बोलनेवाला था. आप स्क्रीन में थे."

मला आधी रफीकभाईंचा राग आला, मग कुशावर्ताबाईंचा. इतक्या साध्या चेहऱ्यानं बाई खोटं बोलतात, रोज घालते म्हणतात, आणि मी मिलिमीटर मोजत बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी मी थेट केंद्रावर गेले. मनात झाडायचं वाक्यही तयार होतं.

केंद्राच्या दाराबाहेर पायरीशी चपलांची रांग होती. सहा जोड साध्या चपला, आणि त्यांच्या पुढं, वेगळ्या अंथरलेल्या वर्तमानपत्रावर, कुशावर्ताबाईंची सँडल. पुसलेली. बक्कल लावून ठेवलेली. मी तिच्याशेजारी माझी सँडल काढली आणि आत गेले.

आत तव्यांची धग आणि पिठाचा धुरळा होता. दोन बायका लाटत होत्या, तिघी भाजीला होत्या. कोपऱ्यात पाटावर घडी घातलेली गोधडी टाकून केंद्रातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या गोदावरीमावशी बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील, कणकेचे उंडे करून परातीत मांडत होत्या. आणि मोठ्या तव्यासमोर कुशावर्ताबाई, शहाबादी फरशीवर अनवाणी, दुखऱ्या पायाचा भार वाचवायला बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या.

"बाई, सँडल कुठं आहे?" मी तयार वाक्य सोडून देऊन विचारलं.

"बाहेर हाय की. काहून?"

"तुम्ही रोज घालता म्हणालात."

"घालते की. घरून येताना घालते, जाताना घालते. मंडईत जाताना घालते. रस्त्यात पाणी असलं तर हातात घेते, खराब होऊ नाय म्हणून."

"आणि इथं? नऊ तास?"

सगळ्या बायकांचे हात थांबले. गोदावरीमावशींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"इथं?" कुशावर्ताबाई म्हणाल्या. "अन्नापाशी?"

त्यांचं घर केंद्रापासून पन्नास पावलांवर. मंडईला त्या रिक्षानं जातात. म्हणजे माझा इन्सोल दिवसाकाठी जेमतेम पाव तास पायाखाली होता आणि बाकी वेळ वर्तमानपत्रावर मानानं बसून होता. बाईंनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता. मी 'पादत्राण कोणतं' विचारलं, त्यांनी सांगितलं. मी 'किती तास उभं राहता' विचारलं, तेही सांगितलं. दोन्ही एका वेळी असतं का, हे विचारायचं सुचलं नाही ते मला.

"सुरुवातीला तरी सांगायचं ना, की इथं सँडल घालत नाही," मी जरा आवाज चढवून म्हटलं.

"तुम्ही तरी कुठं घातली?" गोदावरीमावशी म्हणाल्या आणि हातातला उंडा माझ्या पायांकडं दाखवला.

मी खाली बघितलं. मी अनवाणी होते. पादत्राणं न घातल्याबद्दल पेशंटला झापायला आलेली ऑर्थोटिस्ट दारात सँडल काढून आत आली होती, आणि तिला ते कळलंही नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्याही तोंडातून हसू फुटलं, दुसरा इलाजच नव्हता. मी स्वतः घरी सकाळी अनवाणीच पोळ्या लाटते. माझ्या क्लिनिकच्या दारावर तर मीच पाटी लावली आहे, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'.

पण हसून आठ दिवस वाढत नव्हते. मी समजावायला सुरुवात केली. नवी कोरी सँडल आणा, रस्त्याला न लागलेली, फक्त इथं वापरायची. कुशावर्ताबाईंनी मावशींकडं पाहिलं. या केंद्रात भाव कुशावर्ताबाई ठरवतात, पण रिवाज मावशी ठरवतात.

"गॅसला आम्ही रोज हळदकुंकू लावतो," मावशी म्हणाल्या. "त्याच्यापुढं चप्पल? जमायचं नाय."

"मोठ्या हॉटेलांत सगळे बूट घालूनच स्वयंपाक करतात, मावशी."

"म्हणून त्यांच्या पोळ्या वातड व्हत्यात."

मी बाहेर येऊन सँडल घातली.

क्लिनिकवर परत येऊन मी रफीकभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उसमें क्या, चप्पल नको तर बिना चप्पलचा बांधू." त्यांनी इन्सोलला दोन बाजूंनी इलॅस्टिकचे पट्टे शिवले. मला कल्पना आवडली. सँडल नाही, नुसता इन्सोल, थेट तळव्याला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ते घेऊन गेलो. या वेळी मी दारात सँडल काढताना स्वतःकडे लक्ष ठेवलं आणि तरीही काढली.

कुशावर्ताबाईंनी पट्टे चढवले आणि तव्यासमोर चार पावलं टाकली. फरशीवर तेलाचे शिंतोडे होते. इन्सोलचा तळ गुळगुळीत, तो बुटात बसायला बनवलेला, फरशीवर चालायला नाही. पाचव्या पावलाला बाई सरकत सरकत पिठाच्या डब्यापर्यंत गेल्या आणि डब्याला मिठी मारून थांबल्या. इन्सोलला पीठ लागलं ते असं.

"लागलं का कुठं?" मी धावले.

"नाय," डब्याला धरूनच त्या म्हणाल्या. "पण तवा मधी आला असता तर?"

तव्याच्या अंगाला सरकल्या असत्या तर काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यासमोर आलं. मी खाली बसून स्वतःच्या हातानं पट्टे सोडले आणि त्यांची माफी मागितली. कमानीचं मिलिमीटर मोजणाऱ्या बाईला तळ घसरेल हे आधी दिसायला हवं होतं.

मावशींनी एक इन्सोल उचलून निरखला. "ह्याला तळ हाय, ह्याला पट्टा हाय, पायात घालायलात. मग ही चप्पल नाय तर काय हाय?" मग त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि हात पदराला पुसले. "मॅडमबाई, एक विचारू? माझ्या गुडघ्याचं दुखणं लई जुनं. मी काय गुडघ्याला बांधलं का काही? बुडाखाली गोधडी घेतली. फरशी टणक हाय, तर फरशीवर टाका काहीतरी. बिचारीच्या पायाच्या मागं काहून लागलात?"

मी रफीकभाईंकडं पाहिलं. रफीकभाईंची नजर फरशीवर होती. ती दाराकडून ओट्यापर्यंत गेली आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मग त्यांनी खिशातून टेप काढला.

सांगायला सोपं आहे. ज्या फोमचे मी इन्सोल बनवते त्याचीच मोठी शीटं माझ्या वर्कशॉपमध्ये गुंडाळून पडलेली असतात. ती पायाच्या मापात कापली की ऑर्थोटिक होतं. ओट्याच्या मापात कापायला कुणी मनाई केली नव्हती. कारखान्यांत मशीनसमोर उभं राहणाऱ्यांसाठी रबरी मॅट असतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण माझी नजर इतकी वर्षं बुटाच्या आतच होती.

"मावशी, उभं राहायला आसन चालेल?" मी विचारलं.

मावशींनी विचार केला. सगळं केंद्र थांबलं होतं. तव्यावरची एक पोळी करपली.

"आसन चालंल," त्या म्हणाल्या. "आसनावर बसून पूजा करतोच की. पण काळं नको."

आमच्याकडची जाड शीटं सगळी काळी. एकच वेगळं होतं, लहान मुलांच्या इन्सोलसाठी आणलेलं, जांभळं, त्यावर पिवळी फुलपाखरं. रफीकभाईंनी त्याचे दोन थर चिकटवले. खाली न सरकणारं रबर लागणार होतं आणि आमच्याकडं तसं एकच होतं, बुटाच्या तळाचं, खाचांची नक्षी असलेलं. ते नवं कोरं होतं, पण होतं बुटाच्या तळाचं. रफीकभाईंनी चिकटवताना माझ्याकडं एकदा पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी फुलपाखरांचं आसन तव्यासमोर अंथरलं. मावशींनी त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. मी बनवलेल्या वस्तूला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. मी आसनाच्या चारही कोपऱ्यांवर तेल सांडून, वर उभी राहून, नाचून खात्री करून घेतली. बायकांना वाटलं मीही काही विधी करते आहे.

मॅटनं सगळं होत नाही, हेही सांगितलं. पट्टा दुखावतो त्याला पोटरीचा ताठरपणा हातभार लावतो, म्हणून भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, दिवसातून पाच-सहा वेळा. त्यांनी माझ्यासमोर तो व्यायाम पोळीशी जोडून टाकला. कणीक मुरायला ठेवली की भिंत. अर्धं लाटणं बसून करायचं. ओटा त्यांच्या उंचीला बुटका होता, पोळपाटाखाली लाकडी खोका दिला. यातली एकही गोष्ट माझ्या फॉर्मवर नव्हती. इन्सोलचे पट्टे उसवून तो येण्याजाण्यापुरता पुन्हा त्यांच्या सँडलीत बसवून दिला.

त्या तीन दिवसांचं जेवण केंद्रातच करून कंपनीत नेऊन वाढायचं होतं. मी पेशंट तपासत होते आणि लक्ष मागच्या गल्लीत होतं. पहिल्या दिवशी दुपारी कुशावर्ताबाईंचा फोन आला.

"मॅडम, कंपनीत सेफ्टीवाला साहेब म्हणतोय, कँटीनमधी वाढायला उभं राह्यचं तर बंद बूट पाहिजेत. चप्पल-सँडल चालणार नाय. आता?"

"तुमच्याकडे बूट आहेत?"

"त्यांनीच दिलेत. लोखंडाचे असल्यावानी कडक हायत. टाच आताच बोलायली."

"आतली पातळ गादी ओढून काढा आणि सँडलमधला इन्सोल काढून त्यात घाला."

फोन चालूच होता. खुडबुड ऐकू आली, मग पावलांचा आवाज, जाणारा, येणारा, पुन्हा जाणारा.

"बसला," त्या म्हणाल्या. मग, "ह्याच्यात बरं वाटायलंय की हो. मग तुमचं हे बूट घालणाऱ्यांसाठीच होतं व्हय? आधी सांगायचं."

मी आधी सांगितलं होतं का? 'पादत्राणात घालून वापरावा' असं छापील कागदावर आहे. कागद त्यांनी लाटण्यांच्या डब्याखाली अंथरला होता.

तीन दिवस पार पडले. कँटीन मिळालं. मशीनवाल्याची चपाती साहेबांनी चौथ्या दिवशी चाखून पाहिली म्हणे, आणि अर्धी ठेवली. हे मला कुशावर्ताबाईंनीच सांगितलं, त्यामुळं थोडं कमी करून घ्यावं.

टाच त्या तीन दिवसांत बरी झाली नव्हती, हे सांगायला हवं. ती तेवढी उभी राहू शकली. खरी कमी व्हायला पुढं तीनेक महिने गेले. मॅट, भिंत, बसून लाटणं आणि कंपनीच्या बुटातला इन्सोल, यातल्या कशानं किती फरक पडला ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "शेवटी काय केलंत?" मी म्हटलं, "फरशीला इन्सोल बसवला." त्यानंतर त्यांनी माझ्याकडं एक मिठाईवाला आणि एक पुजारी पाठवला, दोघेही दिवसभर अनवाणी उभे राहणारे. पुजाऱ्यांना पांढरं शीट हवं होतं, ते मागवून घेतलं.

माझ्या फॉर्मवर आता एक प्रश्न वाढला आहे: दिवसातले किती तास अनवाणी? आणि दारावरची 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी मी काढून तिथं 'चपला आत आणाव्यात' अशी लावली. एकजणही आणत नाही. सगळे पाटी वाचतात आणि चपला बाहेर काढतात. आता मीच उठून दाराशी जाते आणि प्रत्येकाच्या चपलेचा तळ बघून येते. स्कॅनर त्यानंतर.

तीन महिन्यांनी कुशावर्ताबाई आल्या तेव्हा त्यांनीही सँडल बाहेर काढली होती. हातात डबा होता. भिंतीला न धरता त्या आत आल्या. मी त्यांच्या पायांकडं बघत राहिले. मग कंपनीच्या बुटातून काढून आणलेला इन्सोल तपासायला मागितला. टाचेचा काळा गोल होता, पाच बोटांचे पाच ठसे होते. रफीकभाई मुद्दाम वर्कशॉपमधून उठून बघायला आले आणि खूश होऊन परत गेले.

"मॅडम, एक सांगू?" बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "आसन उलटं करून धुतलं तवा खालची नक्षी दिसली मला. बुटाचीच हाय ती."

माझा चेहरा उतरला.

"नवं हाय, रस्त्याला लागलं नाय. मी घेतलं समजून. मावशीला नाय सांगितलं." त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला. "खा. गरम हायत."

मी उठले, दोन पावलं टाकली आणि सवयीनं टेबलाला धरलं. खूप वेळ बसून उठलं की पहिल्या पावलाला असं होतं.

"तुमची बी टाच?" त्यांनी विचारलं.

"वयामुळं असेल."

"घरी पोळ्या कोण करतं?"

"मीच."

"कशावर उभ्या राहता?"

मी माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं. इन्सोल पायाखाली असेल तेवढाच वेळ काम करतो, हे वाक्य मी वीस वर्षं पेशंटना सांगत आले आहे. माझा इन्सोल त्या वेळी दाराबाहेर माझ्या सँडलमध्ये होता, माझ्याच जुन्या पाटीच्या सवयीनं काढलेला.

मागच्या खोलीत शीट उलगडल्याचा आवाज आला.

"मॅडम," रफीकभाईंनी आतूनच विचारलं, "आपके ओटे की लंबाई कितनी?"